अनुदानाच्या जाहिरातीतला उद्योजक आणि लुधियान्याची उधारी

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला हमखास येतो. पुस्तक कसं वाचायचं, लेख कसा वाचायचा, हे कोणी ना कोणी शिकवतं. पण सरकारी कागद कसा वाचायचा? प्रश्न रास्त आहे. पेटच्या अभ्यासात नमुना निवड असते, काय-स्क्वेअर असतो, गृहीतक कसं मांडायचं ते असतं. अनुदानाची जाहिरात हाही एक साहित्यप्रकार आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि स्थलांतर, शिक्षण, बचत गट, उद्योजकता, यांपैकी कशावरही काम करायचं ठरवलंत तर हातात येणारे बरेचसे कागद याच जातीचे निघतात.

म्हणून आज असाच एक कागद घेऊन बसू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा शैक्षणिक व सांस्कृतिक विभाग तिबेटी लोकांसाठीच्या देवाणघेवाण कार्यक्रमांना अनुदान देत आला आहे. त्यासाठी संस्थांकडून प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिराती निघतात. त्यातल्या २००० नंतरच्या दशकातल्या काही मी माझ्या पीएचडीच्या कामासाठी ओळीनं वाचल्या. शिरूरमध्ये बसून तिबेटी उद्योजक कशाला, असं घरीही विचारून झालंय. त्याचं उत्तर पुढे येईल, केडगावमार्गे.

आधी नाव बघा. या कार्यक्रमाला न्गवांग चोफेल यांचं नाव आहे. चोफेल लहानपणी तिबेटमधून भारतात आले आणि मुंडगोडच्या वसाहतीत वाढले. मुंडगोड म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा, आपल्या बेळगाव-हुबळीच्या टापूतलं. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत मिडलबरी कॉलेजात संगीत शिकले. १९९५ मध्ये लोकगीतं ध्वनिमुद्रित करायला तिबेटमध्ये गेले आणि तिथे पकडले गेले. हेरगिरीच्या आरोपाखाली १९९६ मध्ये अठरा वर्षांची शिक्षा झाली. २००२ च्या जानेवारीत सुटका झाली. अमेरिकेच्या १९९६ च्या एका कायद्यात तिबेटी लोकांशी शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीची तरतूद आहे, तिला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं.

आता हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये. एका संगीताच्या अभ्यासकाच्या नावाखाली आर्थिक संधी, कौशल्य, छोटे उद्योग असे विषय येतात, इथे आपण थांबलं पाहिजे. हा निधी व्यापारवाढीच्या विचारातून जन्मलेला नाही. त्याच्या मुळाशी १९६१ चा फुलब्राइट-हेज कायदा आहे, आणि त्या कायद्याचा उद्देश अमेरिकी लोक आणि इतर देशांतले लोक यांच्यात परस्पर समजूत वाढवणं हा आहे. म्हणजे उद्योजक हा तिथे प्रवासी म्हणून येतो. त्याचा धंदा वाढला तर उत्तमच, पण कायद्याच्या दृष्टीनं तो माणूस गेला, भेटला, शिकला आणि परत आला, एवढ्यावर काम झालेलं असतं. ही लबाडी नाही, कागदावर उघड लिहिलेलं आहे. आपणच घाईत मधली दोन पानं उलटतो आणि थेट रकमेवर जातो.

दुसरी जागा पात्रतेची. अर्ज कोण करू शकतं? अमेरिकेतल्या ना-नफा संस्था आणि विद्यापीठं. तिबेटी संस्था भागीदार होऊ शकते, प्रवासी तिबेटी असतात, पण करार अमेरिकी संस्थेशी आणि हिशेबही तिचाच. त्यातही एक कलम असं की, आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा चार वर्षांहून कमी अनुभव असलेल्या संस्थेला ६०,००० डॉलरपेक्षा जास्त मिळणार नाही. हे त्या विभागाचं सर्वसाधारण कलम आहे, तिबेटपुरतं नाही. तर्कही समजतो, सरकारी पैसा नवख्याच्या हाती फार देऊ नये. पण परिणाम बघा. ज्याच्याकडे विमानाची तिकिटं काढण्याचा, व्हिसाची कागदपत्रं करण्याचा, राहण्याची सोय लावण्याचा अनुभव आहे तो मोठा अर्जदार. लोकरीच्या बाजाराचा अनुभव असला काय आणि नसला काय, या कलमात त्याला वजन नाही.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती मूल्यमापनाची. या जाहिरातींत परिणामांच्या चार पायऱ्या दिलेल्या असतात: सहभागी समाधानी आहे का, तो काय शिकला, परत गेल्यावर त्याच्या वागण्यात काय बदललं, आणि संस्थांमध्ये काही बदल झाला का. नुसती डोकी मोजणं वेगळं आणि परिणाम मोजणं वेगळं, असंही बजावलेलं असतं. वाचताना मी मान डोलावली होती. आपल्याकडच्या कित्येक प्रशिक्षण योजनांच्या अहवालांत 'अमुक इतक्या महिलांना प्रशिक्षण दिले' यापलीकडे ओळ नसते, त्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पण पुन्हा वाचा. चारही पायऱ्यांची सुरुवात सहभागी माणसापासून होते. तो विकतो कुठे, माल आणतो कुणाकडून, देणं किती, ते कधी फेडायचं, हे प्रश्न कुठल्याच पायरीवर उभे राहत नाहीत. बाजार या मोजपट्टीबाहेरच राहतो.

तो बाजार कसा आहे ते थोडं सविस्तर सांगते. या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण नेमका हाच भाग दोन ओळींत उरकतात.

महाराष्ट्रात तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ. नाव नोर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. स्थापनेच्या वेळी तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या कागदांत 'भंडारा वसाहत' असंच सापडतं. (शोध घेताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धं साहित्य सुटेल.) शेती आहे, पण भारतातल्या बहुतेक तिबेटी वसाहतींसारखंच इथेही घर चालतं ते हिवाळ्यातल्या स्वेटर-विक्रीवर. पावसाळा सरत आला की कुटुंबं लुधियान्याला जातात, माल उचलतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास देशभरातल्या शहरांत स्टॉल लागतात. जानेवारी संपताना माणसं परत. टिम लाऊ या मानववंशशास्त्रज्ञानं या फिरत्या व्यापारावर लिहिलंय. तिबेटी व्यापारी आणि पंजाबी घाऊकदार यांच्यातला विश्वास आणि ताण दोन्ही त्यात दिसतात.

या धंद्याचा कणा उधारी आहे. घाऊकदार हंगामाच्या तोंडाशी माल देतो, थोडे पैसे आधी, बाकीचे विक्री झाल्यावर. थंडी उशिरा पडली की सगळं बिघडतं. माल अंगावर राहतो, देणं तारखेला उभं. आमच्या भागातल्या वाचकांना हे समजवायला मी उसाचा दाखला देते. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालात की हंगामात टोळ्यांच्या कोप्या दिसतात. त्या टोळीनं मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. उचल रोख असते आणि ती मजुराचं अंग बांधते. लुधियान्याची उधारी मालाच्या रूपात असते आणि ती विकणाऱ्याचा हंगाम बांधते. दोन्हींत फरक मोठा आहे, एक सारखी करू नका. पण हंगाम सुरू होण्याआधीच हंगामाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेलेला असतो, एवढं साम्य आहे.

दुसरी अडचण कागदांची. भारतातले बहुसंख्य तिबेटी नागरिक नाहीत, त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. पासपोर्ट नाही, म्हणून परदेशी जायचं तर भारत सरकारचं ओळख प्रमाणपत्र काढावं लागतं. रंगावरून त्याला 'पिवळं पुस्तक' म्हणतात. ते मिळवायला वेळ लागतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानं नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरणं जाऊन स्पष्ट होत गेलं. त्यानंतर जन्मलेल्यांना नियम वेगळे. म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाला जाऊ शकणारा उद्योजक कोण? ज्याचे कागद तयार आहेत, ज्याला इंग्रजी येतं, आणि ज्याला हंगामात स्टॉल सोडून जाणं परवडतं. निवड समितीच्या खूप आधी ही निवड होऊन गेलेली असते. उलट धंद्याला लागणारे कागद इथलेच आहेत: भाडेपट्टा, व्यापाराचा परवाना. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांनी या गोष्टी सुलभ कराव्यात असं म्हटलंय. मला विचाराल तर स्टॉलवाल्याच्या आयुष्यात त्या धोरणाची अंमलबजावणी परदेशी अभ्यासदौऱ्याहून जास्त फरक पाडेल.

आणखी एक बारकावा, जो मी स्वतः आधी चुकवला. मी वाचलेल्या त्या जाहिरातींचा भर चीनमधल्या तिबेटी भागांवर आहे. भारतातल्या तिबेटींसाठी अमेरिकेची वेगळी दारं होती: १९८८ पासूनची शिष्यवृत्ती योजना, आणि नंतर वसाहतींमधली शेती, कौशल्य, स्वावलंबन यासाठी यूएसएडचा निधी. 'तिबेटींना अमेरिकी मदत' असं एक गाठोडं बांधलं की ही खाती एकमेकांत मिसळतात. माझ्या पहिल्या मसुद्यात ती मिसळली होती, आणि त्यावर उभा केलेला परिच्छेद पूर्ण काढावा लागला.

आता केडगाव.

शिरूरहून न्हावरे, पारगावला भीमा ओलांडायची, मग चौफुला. चौफुला म्हटलं की लोकांना लावणीची थिएटरं आठवतात आणि संशोधक मुलगी तिकडे काय करते असा चेहरा होतो. तिथून जवळच दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन असलेलं. परदेशी पैसा, देवाणघेवाण आणि 'स्वतःच्या पायावर उभं करणं' या तिन्ही गोष्टी आमच्या परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेल्यात, आणि तिबेटी जाहिराती वाचताना माझ्या डोक्यात सारखं तेच येत होतं.

रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' निघालं. आपण ते स्त्रीवादी ग्रंथ म्हणून वाचतो. एकदा निधीचा प्रस्ताव म्हणून वाचून बघा. शेवटचं प्रकरण म्हणजे सरळ आवाहन आहे: विधवांसाठी निवासी घर, शिक्षण, आणि पोट भरता येईल असं कसब. तिथे जाहिरात आधी आणि अर्जदार नंतर असा क्रम नव्हता. गरजेची व्याख्या रमाबाईंनी केली आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला जी रमाबाई असोसिएशन उभी राहिली ती त्या व्याख्येभोवती. गावोगावच्या रमाबाई मंडळांनी वर्गणी द्यायची, आणि मुदत दहा वर्षं.

दहा वर्षं. आजचा देवाणघेवाणीचा प्रकल्प वर्ष-दोन वर्षांचा असतो. मुदत लांब आणि आधीच ठाऊक असल्यामुळे काय झालं? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, आणि दहा वर्षं संपल्यावर काय, याचा विचार मुदत चालू असतानाच सुरू झाला. केडगावची जमीन त्यातूनच आली. फळबाग लावायची आणि संस्थेला स्वतःचं उत्पन्न उभं करायचं, ही कल्पना होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली रमाबाईंनी आणल्या, आणि त्यांना ठेवायला तीच जमीन कामी आली. तिथे विणकाम, छापखाना, दूधदुभतं, तेलघाणा, शिवण अशी कामं उभी राहिली. देवाणघेवाण म्हणाल तर मनोरमाबाई आणि सदनातल्या काही मुली न्यूयॉर्क राज्यात शिकायला गेल्या; मनोरमाबाईंनी परत येऊन शाळा सांभाळली. परतल्यावर काम करायला जागा तयार होती, हा त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग.

पण केडगावचा पोवाडा गायचा नाहीये. देणगीदाराच्या अटींचं काय होतं याचाही तोच उत्तम नमुना आहे. बॉस्टनची अट होती की सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. या 'तटस्थ'चा अर्थ बॉस्टनमध्ये असा घेतला गेला की कुणावर धर्म लादायचा नाही, आणि जिला हवं तिला अडवायचंही नाही. पुण्यात अर्थ असा घेतला गेला की मुलींच्या कानावर ख्रिस्ती प्रार्थनाच पडू नये. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये हे फुटलं. 'केसरी'नं झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. असोसिएशनतर्फे जुडिथ अँड्र्यूज इथे येऊन पाहणी करून गेल्या आणि बॉस्टन रमाबाईंच्या मागे राहिलं. पैसा तिकडून, तर शेवटचा शब्दही तिकडूनच. पुण्यातल्या मंडळाला सल्ला देता येत होता, हिशेब मागता येत नव्हता.

तिबेटी कार्यक्रमांकडे परत येऊ. इथेही हिशेब वर जातो: सहभागी संस्थेला सांगतो, संस्था खात्याला, खातं अमेरिकी संसदेला. वसाहतीकडे किंवा व्यापारी संघटनेकडे खाली येणारा हिशेब कुठल्याही कलमात मला दिसला नाही. वसाहतीतल्या लोकांना हा अहवाल वाचायला मिळावा, त्यांच्या भाषेत मिळावा, अशी एक ओळ घालायला काहीच खर्च नव्हता.

माझा मुख्य आक्षेप 'उद्योजक' या शब्दावर आहे. त्या शब्दामुळे लुधियान्याला उधारी मागणारी, रस्त्याकडेला जागा मिळवणारी, चाळीस प्रकारच्या गिऱ्हाइकांशी मोडक्या मराठीत घासाघीस करणारी बाई ही अजून उद्योजक 'व्हायची' आहे असं वाटायला लागतं. तिला दृष्टी नाही, ती प्रवासातून येईल, असं. प्रत्यक्षात दृष्टी पुष्कळ असते, नसतं ते खेळतं भांडवल.

याला चांगलं उत्तर आहे आणि ते तुम्ही ऐकलं पाहिजे. अशा दौऱ्यांतून ओळखी होतात, ओळखींतून ऑर्डर येतात, माणसाचा बुजरेपणा जातो, आणि निर्वासित समाजाला जगात कुणीतरी आपलं नाव घेतं हे कळणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. देवाणघेवाणीचं मोल रुपयांत मोजू नये, असंही कुणी म्हणेल. मला ते मान्य आहे. मग जाहिरातीत तसंच लिहावं. परस्पर समजूत हे ध्येय असेल तर त्यावर मोजा. उपजीविका हे ध्येय असेल तर उधारीवर मोजा. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची भाषा, हे चालू नये. आणि मुदतीचं काय होतं ते आपण पाहिलंच: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, १ जुलैला यूएसएडचं कामच परराष्ट्र खात्याकडे गेलं. केडगावला मुदत संपायची तारीख दहा वर्षं आधी माहीत होती. इथे एका आदेशानं कळली.

आता माझी गोष्ट, कारण ही टीका मी कोरड्या हातानं करत नाहीये. दोन वर्षांपूर्वी एका निधीसाठी मी अर्ज केला होता. त्यांच्या नमुन्यात 'लाभार्थ्यांची क्षमतावृद्धी' असा रकाना होता, मी तो छान भरला, आणि मग तीच भाषा माझ्या सिनॉप्सिसमध्ये शिरली. संशोधन प्रश्न असा झाला: 'प्रशिक्षण व देवाणघेवाण यांमुळे तिबेटी उद्योजकांच्या क्षमतांत किती वाढ झाली?' निधी मिळाला नाही, प्रश्न मात्र राहिला. त्या हिवाळ्यात पुण्यात एका स्टॉलवर मी हाच प्रश्न हिंदीत विचारला, तर त्या दीदींनी मलाच विचारलं की माझ्या कॉलेजच्या ओळखीनं बिलाची तारीख पुढे ढकलता येईल का. मी हसून विषय बदलला. घरी येऊन टिपणं लिहिताना कळलं की त्या सबंध दुपारी कामाची गोष्ट तेवढीच झाली होती, आणि ती माझ्या प्रश्नावलीत बसत नव्हती.

म्हणून तुम्ही असा कागद हातात घ्याल तेव्हा रकमेआधी उद्देशाचं कलम वाचा, मग अर्जदार कोण ते, मग मोजमाप. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं लिहा की हे वाक्य कुणी वाचावं म्हणून लिहिलंय. मुक्ती मिशनचे जुने अहवाल वाचतानाही हेच करा. त्यातली केडगावची हकीकत परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेली आहे, केडगावकरांसाठी नाही. ती खोटी ठरत नाही, पण काय गाळलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

सिनॉप्सिसमधला तो प्रश्न मी बदलला. आता तो असा आहे: 'हंगामी उधारीच्या अटी कोण ठरवतं, आणि बाहेरून आलेल्या निधीनं त्या कधी बदलल्या का?' मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहून परत दिलाय: 'वही दाखवतील का?' स्टॉल ऑक्टोबरमध्ये लागतील, तेव्हा विचारणार आहे.